मांजराचं ताट उंदराएवढं

वेंगुर्ल्याजवळच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका असं त्यांनी कळवलंय, म्हणून छापत नाही. चार पानी पत्राचा गोषवारा असा:

"आमच्याकडे चार वर्षांची मनी आणि तिचाच दोन वर्षांचा बोका काळू, अशी दोन मांजरं आहेत. ताजे मासे बंद झाल्यापासून मनीने जेवणाशी वैर धरलंय. दूधभात दिला तर दूध चाटते, शितं तशीच ठेवते. सुकट तेवढी खाते, बाकी काही नको. मुलीने मुंबईहून मांजरांच्या खाण्याचं पाकीट आणलं, तर त्याचा वास घेऊन माती लोटल्यासारखा पाय घासला आणि निघून गेली. फ्रीजमधलं चिकन नको. वाटीतलं पाणी सोडून पागोळीखालच्या बादलीतलं पिते. नैवेद्याची खीर मात्र चाटून पुसून खाते. परवा पहाटे उंबऱ्यावर अर्धा उंदीर आणून ठेवला होता. सासूबाई म्हणतात, 'नखरे करता ती. चार दिस उपाशी ठेव, मगे गप खायत.' खरंच उपाशी ठेवू का? आणि हो, काळू कालपासून सारखा शी-शूच्या राखेत जाऊन बसतो, कुंथतो, पण काही होत नाही. पोट साफ व्हायला एरंडेल किती द्यावं?"

ताई, पत्राच्या शेवटच्या दोन ओळी वाचल्या आणि मी तसाच फोन उचलला. तुम्ही त्याच दुपारी भर पावसात काळूला पिशवीत घालून रिक्षाने तालुक्याच्या दवाखान्यात नेलंत. डॉक्टरांनी नळी घालून लघवी मोकळी केली, हे तुमच्याकडून कळलं तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. तरी ते इथे सविस्तर लिहिते, कारण पुढच्या घरातला बोका असाच राखेत बसलेला असेल.

बोक्याचा लघवीचा मार्ग फार अरुंद असतो. लघवी घट्ट झाली की तिच्यात बारीक खडे, रेतीसारखा गाळ धरतो, आणि तो एखाद्या बुचासारखा अडकून बसतो. बोका पुन्हापुन्हा जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, मागचा भाग चाटत राहतो, कधी रक्ताचा एखादा थेंब दिसतो. बघणाऱ्याला वाटतं बद्धकोष्ठ आहे. लघवी पूर्ण अडली तर मूत्रपिंडं काम सोडतात, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. घरच्या औषधाने यातलं काहीही सुटत नाही.

आमच्या घरी एक भुरा बोका होता. त्याला आम्ही एरंडेल पाजलं, पोट शेकलं, रात्रभर कुशीत घेऊन बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी गेला. त्याला आता बरीच वर्षं झाली, पण कुणी "बोका कुंथतोय" म्हणालं की माझ्या हातात ती एरंडेलाची वाटी येते. म्हणून सांगते: बोका कुंथतोय आणि राख कोरडी आहे, तर रविवार असो, गणपती असो, त्याच दिवशी डॉक्टर.

आता मनी.

मांजराचं काही कळेनासं झालं की मी उंदीर डोळ्यांपुढे आणते. मांजराचं शरीर ज्या खाण्यासाठी घडलंय ते म्हणजे उंदीर. घरातला छोटा उंदीर वीस-तीस ग्रॅमचा, त्यात साधारण ३० कॅलरी. मांस, काळीज, हाडं, चरबी सगळं एकत्र, दोन तृतीयांश पाणी आणि वर अंगासारखा कोमट. चार किलोच्या मांजराला दिवसाला २०० ते २५० कॅलरी लागतात, म्हणजे सात-आठ उंदीर. ते काही एका बैठकीत मिळत नाहीत. दिवसभर, रात्रभर थोडं थोडं. तुमच्या पत्रातला प्रत्येक नखरा या उंदराशी ताडून बघा, त्यातला एकही नखरा उरत नाही.

फ्रीजमधलं चिकन नको, कारण गार खाण्याला वास नसतो आणि मांजर जिभेआधी नाकाने जेवतं. कोमट करा, तोंडापाशी न्या, बघा. पाय घासून गेली, म्हणजे तिने पाकिटाचा अपमान केला नाही. नको असलेलं किंवा उरलेलं खाणं झाकून ठेवायची ती मांजराची जुनी सवय आहे, खाली माती असो नाहीतर लादी. वाटीतलं पाणी नको, कारण ती वाटी तुम्ही जेवणाच्या ताटलीला चिकटून ठेवली असणार. बहुतेक मांजरांना खाणं आणि पाणी जवळजवळ आवडत नाही. पागोळीची बादली रुंद असते, पाणी हलतं असतं, ताजं असतं. राहिली खीर. मांजराला गोड चवच लागत नाही. गोड ओळखायला जे जनुक लागतं ते मांजराच्या कुळात मोडलेलं आहे, हे २००५ साली संशोधकांनी दाखवलं. मनीला साखरेचं काही नाही, तिला खिरीतलं तूप आणि साय हवी आहे.

दूधभाताचं जरा निवांत सांगते, कारण तिथेच तुमचं आणि सासूबाईंचं अडलंय. त्यांचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. त्यांनी आयुष्यभर मांजरं दूधभातावर वाढवली आणि ती वाढली, हे खरंच आहे. पण त्या घरात माजघराच्या कोपऱ्यात भाताची कणगी होती, माळ्यावर पेंढा होता, मागे गोठा होता. मांजराचं पोट उंदरांवर, पालींवर, सरड्यांवर भरायचं. दूधभात ही वरची आवड होती. आता भात पिशवीतून येतो, माळ्याच्या जागी स्लॅब आहे, गोठा गेला. उंदीर गेले आणि वाटीत फक्त दूधभात उरला. तुमची मनी आठवड्याला एखादा उंदीर मारत असेल, तेवढ्यावर तिचं भागत नाही.

दूध मोठ्या मांजराला फारसं पचतही नाही. पिल्लू आईचं दूध सोडतं तसं दुधातली साखर पचवणारं पाचकद्रव्य कमी होत जातं, मग पातळ शी, गॅस. चमचाभर दुधाने काही होत नाही, वाटीभर नको. भातात विष नाही, पण मांजराला हवं ते त्यात नाही. टॉरिन नावाचा एक घटक मांजराचं शरीर पुरेसा तयार करू शकत नाही, तो मांसातून आणि माशांतूनच यावा लागतो. तो कमी पडला की हळूहळू डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदय सैल पडतं. टॉरिन दिल्यावर असं हृदय सुधारू शकतं, हे १९८७ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी दाखवलं, त्यानंतर मांजरांच्या तयार खाण्यात ते वाढवलं गेलं. अ जीवनसत्त्वाचंही तसंच. आपण गाजरातून ते बनवून घेतो, मांजराला ते येत नाही.

आणि उपाशी ठेवणं. ताई, हे करू नका, आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांगून हे वाचून दाखवा. कुत्रा दोन दिवस उपाशी राहिला तर तिसऱ्या दिवशी समोर येईल ते खातो. मांजराचं तसं नाही. ते हट्टाने नव्हे, शरीराने अडतं. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही की अंगातली चरबी सुटून यकृतात साठायला लागते, यकृत तिला पुरं पडत नाही, आणि मग मांजराची भूकच मरते. कानाच्या आत, हिरड्यांवर पिवळेपणा दिसतो. तिथून परत आणायला सलाइन, नळीने भरवणं, आठवडेच्या आठवडे लागतात, आणि तरी सगळी वाचत नाहीत. जाड मांजराला धोका जास्त. "आपसूक खाईल" याची वाट बघताना आपण त्याची भूक कायमची घालवू शकतो. एक पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर लक्ष ठेवा, दुसरा दिवसही तसाच गेला तर दवाखाना.

मग द्यायचं काय? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत, बाजारात मिळालाच तर बर्फातला मासा, नाहीतर चढणीचे मासे आणि कुर्ल्या. हे दोन महिने आपल्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक मांजराला कठीणच जातात. मनीची चूक एवढीच की तिला लहानपणापासून एकच चव ठाऊक आहे. पिल्लू पहिल्या काही महिन्यांत जे खातं तेच त्याला जन्मभर अन्न वाटतं. म्हणून बदल करायचा तो तिच्या ओळखीच्या वासाचं बोट धरून.

तिला सुकट आवडते ना? तिथूनच सुरू करा. मात्र सुकट आणि सुकट यात फरक आहे. आपले सुके बोंबील नुसते वलांडीवर वाळवतात, त्यात मीठ घालत नाहीत. जवळाही बिनमिठाचा, पण त्यात वाळू फार, धुऊन घ्यावा लागतो. खारा बांगडा मात्र मिठात मुरवलेला असतो, तो मांजराला अजिबात नको. आणि मिठाचा नसला तरी सुका मासा म्हणजे क्षार भरपूर आणि पाणी जवळपास शून्य. ज्या घरातला एक बोका नुकताच लघवी अडून वाचलाय, तिथे सुकट पोटभर द्यायची वस्तू नाही. पण वासाला ती सोन्यासारखी आहे.

बोंबील तव्यावर कोरडा भाजा, कुटून पूड करा, डबीत ठेवा. चिकन मीठ-मसाल्याशिवाय उकडा, हाडं काढा, बोटांनी बारीक चुरा, त्याच उकडलेल्या पाण्यात भिजवा. ते पाणी फेकू नका, टॉरिन त्यातच उतरलेलं असतं. त्यावर बोंबलाची चिमूटभर पूड. पहिले दोन दिवस पूड जरा जास्त, मग रोज कमी. पाकिटातले दाणेही असेच: पहिल्या दिवशी चार दाणे कोमट पाण्यात फुगवून चुरलेल्या चिकनमध्ये मिसळा, आठ-दहा दिवसांत वाढवत न्या. एका दिवसात सगळं बदललं तर पोट बिघडतं, आणि त्या खाण्याशी तिचं कायमचं वाकडं होतं.

पाकीट घ्यावं का, असं पुष्कळ जण विचारतात. माझं मत, थोडं तरी घ्यावं. नुसतं उकडलेलं चिकन हे पूर्ण अन्न नव्हे, त्यात हाडातला चुना नाही, आणखी बरंच काही नाही. मनीसारख्या चार किलोच्या मांजराला दिवसाचे तीसेक ग्रॅम दाणे, भिजवून, आणि साठ-सत्तर ग्रॅम शिजलेलं चिकन किंवा काटे काढलेला मासा, एवढं पुरतं. चार-पाच वेळांत वाटून द्या. एकदा काट्यावर मोजा, मग हाताला अंदाज येतो. दोन-तीन दिवसांनी चिकनमध्ये थोडा उकडलेल्या अंड्याचा चुरा चालतो. काळीज आठवड्यातून एकदा, लहानसा तुकडा. रोज काळीज दिलं तर तेच अ जीवनसत्त्व जास्त होऊन हाडं धरतात.

पावसाळ्यात दाणे दोन दिवसांत सर्द होतात आणि त्यांना बुरशी येते. फिरकीच्या झाकणाच्या बरणीत ठेवा, कुबट वास आला तर सरळ टाकून द्या. मुंग्यांसाठी आपला जुना उपाय, पाणी भरलेल्या ताटलीत खाण्याची वाटी. ओलं खाणं तासाभरात उचला, या हवेत ते फार टिकत नाही.

कालवणातला तुकडा धुऊन घालू नका. हे आपल्याकडे घरोघर चालतं, मीही केलं आहे. पण कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि धुतलं तरी त्यांचा अर्क तुकड्यात मुरलेला असतो. मांजरासाठी दोन तुकडे मसाल्याच्या आधी बाजूला काढा, झालं. आणि पावसात मांजर शिंकतंय, अंग गरम लागतंय म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका. माणसाची एक गोळी मांजराला मारायला पुरते. कुत्र्याचं गोचिडाचं औषधही मांजराला नको, त्यात पुष्कळदा परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला विष आहे.

पाण्याच्या बाबतीत मनीला तिच्या मनासारखं करू द्या. एक रुंद, बुटकं भांडं पडवीत, एक माजघरात, जेवणाच्या जागेपासून लांब, पाणी रोज बदललेलं. काळूला याची गरज तिच्याहून जास्त आहे. त्याला दाणे कधीही कोरडे देऊ नका, खाणं पातळसर कालवा, आणि त्याचं नेमकं पथ्य डॉक्टरांना विचारून ठरवा. त्याची राख रोज बघत जा, ओल दिसली पाहिजे. बरा झाला की दोघांच्याही नसबंदीच्या ऑपरेशनचं विचारून घ्या, तो तिचा मुलगा असला तरी मांजरांना ते नातं कळत नाही. दोन-सव्वादोन महिन्यांत पिल्लं होतात. रेबीजची लस दिलेली नसेल तर तीही त्याच फेरीत.

आणि उंबऱ्यावरचा तो अर्धा उंदीर. आई-मांजर पिल्लांना अशीच शिकार आणून देते, आधी मेलेली, मग अर्धमेली, मग जिवंत. मनीने ती तुमच्या दारात आणली, कारण ते दार तिला सुरक्षित वाटतं. रागावू नका. पण तो उंदीर हाताने उचलू नका. पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) असतो, आणि तो उंदराच्या लघवीतून, ओल्या जमिनीतून, पायाच्या भेगांतून अंगात शिरतो. प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून उचला, खोल पुरा, उंबरा आणि हात साबणाने धुवा. घरात किंवा शेजारी उंदरांचं औषध टाकलेलं असेल तर मनीला आत ठेवा, विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर विष मांजराला लागतं. शेजाऱ्यांशी एकदा बोलून ठेवा, बरेच जण मांजराचा विचार न करता औषध टाकतात, सांगितलं की ऐकतात.

ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा निघतील, नारळी पौर्णिमा होईल, आणि टोपलीचा आवाज ऐकला की मनी अंगणात धावेल. तेव्हा सगळा हिशोब मोडू देऊ नका. तारली आणि बांगडा फार तेलकट, रोजच्या रोज तेच खाल्लं तर ई जीवनसत्त्व कमी पडून अंगातली चरबी सुजते, मांजर हात लावू देत नाही. आठवड्यातून दोनदा-तीनदा पुरे. विळीपाशी बसलेल्या मांजराला सासूबाई डोकी आणि आतडी कच्चीच टाकत असतील, तीही उकडून द्यायला सांगा. तारलीच्या, मांदेलीच्या कुळातल्या काही माशांत कच्चेपणी असं द्रव्य असतं की ते ब-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं, शिजवलं की ते निघून जातं. कच्च्या आतड्यांतून जंतही येतात. कर्लीचे काटे मात्र उकडूनही जात नाहीत, ती मांजराला देऊच नका. आणि रापणीत केंड (अंग फुगवणारा विषारी मासा) आला तर तो किनाऱ्यावर टाकू नका, खोल पुरून टाका, त्याचं विष शिजवूनही जात नाही.

सासूबाईंना एक काम द्या. दर रविवारी मनीला पिशवीत घालून भाजीच्या काट्यावर तोलायचं आणि कॅलेंडरवर आकडा लिहायचा. चार रविवारांचे आकडे झाले की मला कळवा, आणि काळूची राख ओली आहे का, तेही.